बेळगावची गाडी

दिनकरराव लिमये गाडीखाली शिरायच्या आधी जानवं कानाला लावायचे. असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाई, आत ऑइल गळतंय. जानव्याला डाग पडला तर कसं दिसेल?" मग बनियनचं काय, असं मी विचारेपर्यंत ते पाठीवर सरपटत आत गेले आणि बाहेर नुसते दोन पाय राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीच्या वर्षांत आमच्या गिरगावातल्या वाडीत दिनकरराव येणाऱ्याजाणाऱ्याला भेटायचे ते बहुतेक असे, पायांनीच. पोस्टमनसुद्धा त्या पायांशी दोन शब्द बोलून पुढे जायचा.

एरवी माणूस अगदी टापटिपीचा. फोर्टातल्या एका जहाज कंपनीत कारकून, अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी, बोलणं हळू. गाडी घेण्यासारखी ऐपतही नव्हती आणि तसा स्वभावही नव्हता. पण त्यांचा साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्याची जुनी गाडी कंपनीच्या शेडमध्ये पडून राहिली. युद्धाच्या आधीची, छोटीशी, दोन दारांची, वर कापडी छत. मागच्या सीटवर मांजर व्यायली होती. दिनकररावांनी ती मागून घेतली, मांजरीची सोय कंपनीच्या गोदामात लावली आणि चार हमालांकडून गाडी ढकलवत वाडीत आणली. मी तेव्हा परळच्या एका शाळेत शिकवत होते आणि आईबरोबर त्यांच्याच मजल्यावर राहत होते. गॅलरीतून ती वरात बघून आई म्हणाली, "लिमयांनी मोटार घेतली. आता मोटार लिमयांना घेते की नाही बघ."

आणि खरंच, पहिली दोन वर्षं ती गाडी त्यांनी चालवली कमी आणि उघडली जास्त. मेकॅनिककडे न्यायची ऐपत नव्हती, आणि असती तरी त्यांनी नेली नसती असं मला वाटतं. रविवारी सकाळी पूजा आटोपली की ते खाली उतरत. वाडीच्या मधोमध जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर सुटे भाग काढले त्या क्रमाने मांडायचे, आणि संध्याकाळी उलट्या क्रमाने परत बसवायचे. रांगेतला एखादा नट पोरांच्या चेंडूने उडाला तर ते पोरांवर ओरडत नसत. खाली बसून शोधत राहत, मग ओशाळून पोरंही शोधायला लागत.

'मोडलं' हा शब्द त्यांना चालायचा नाही. दाराचा हँडल हातात आला तरी म्हणायचे, "मोकळा झाला." स्टोव्हच्या पिनेने ते कार्बोरेटर साफ करत. पेट्रोलच्या टाकीला भोक पडलं तेव्हा त्यांनी धुण्याचा साबण मळून लावला आणि तो महिनाभर टिकला. वळायची खूण करणारा हात गाडीच्या अंगातून बाहेर यायचा तो गंजून बसला होता, म्हणून त्यांनी माझ्या शाळेतली फूटपट्टी मागून नेली आणि लाल रंग देऊन तिथे बसवली. दोरी ओढली की पट्टी बाहेर. मी म्हटलं, "दिनकरराव, कंपनीने असं काही सांगितलंय का हो?" तर त्यांचं ठरलेलं उत्तर, "कंपनीला काय ठाऊक गिरगावचा रस्ता?" छत फाटलं तेव्हा कमलवहिनींनी तंबूचं कापड आणून शिवणयंत्रावर नवं शिवलं. ते मूळ छतापेक्षा चांगलं झालं हे मात्र मला मान्य करावं लागलं.

या कमलवहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता. वहिनी बेळगावच्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांच्या उजव्या गुडघ्यात क्षय झाला. परळच्या इस्पितळात कित्येक महिने काढून त्या वाचल्या, पण गुडघा कायमचा धरला. पाय सरळच राहिला, वाकेना. कुबडी घेऊन गॅलरीत फिरत, जिन्यावरून मात्र धरून उतरवावं लागे. एकदा बेळगावला जायला म्हणून स्टेशनवर गेल्या, तर डब्याची पायरी चढता येईना. चार हमालांनी उचलून आत ठेवलं. गाडी सुटायच्या आधीच वहिनी म्हणाल्या, मला खाली उतरवा. तेव्हापासून माहेर बंद झालं.

त्याचं कारण नुसता अपमान नव्हता. एकदा भाजी निवडताना त्यांनीच मला सांगितलं. "माझी थोरली बहीण क्षयानंच गेली की गं. आईला माझ्या दुखण्याचं कळवलंच नाही आम्ही. आता मला चार माणसांनी उचलून दारात आणलेली बघितली तर तिचा जीवच जाईल. मी तिच्यापुढं उभी राहिले पाहिजे. एकदा उभी दिसले की मग पायाचं हळूच सांगेन. मग तिला काही वाटायचं नाही."

"मग मोटारीतून?" मी विचारलं.

"हे म्हणतात, मोटार थेट ओट्याला लावू. बघू या की."

आईच्या दारातला ओटा गुडघ्याएवढा उंच आहे, एवढं वहिनींना आठवत होतं. त्या आठवणीवर दिनकररावांनी सगळं काम उभं केलं. गाडीतली डावी सीट काढून टाकली. परळला एका केशकर्तनालयात नव्या खुर्च्या आल्या होत्या, तिथून एका जुन्या खुर्चीचं फिरतं बूड आणलं, कापून आखूड केलं आणि त्यावर वहिनींच्या मापाची बैठक बसवली. दार उघडायचं, खुर्ची बाहेर फिरवायची, वहिनींनी बसायचं, खुर्ची आत फिरवायची. सरळ पाय जावा म्हणून समोरचा पत्रा कापून पुढे खोबण केली आणि इंजिनाची धग लागू नये म्हणून तिच्यात काथ्याची गादी घातली. पहिल्या चाचणीला मला बसवलं. त्यांनी खुर्चीला असा झोका दिला की मी गर्रकन फिरून मागच्या काचेकडे तोंड करून बसले. वाडी हसली. दिनकरराव जरा विचारात पडले आणि वर जाऊन स्वयंपाकघराच्या दाराची कडी उचकटून घेऊन आले. ती लावल्यावर खुर्ची हवी तिथेच थांबू लागली. स्वयंपाकघराचं दार पुढे कायम उघडंच राहिलं.

आता प्रश्न घाटांचा. बेळगाव म्हणजे वाटेत खंडाळा आला, खंबाटकी आला. सरावासाठी दिनकररावांनी मलबार हिलचा चढ निवडला. ही गाडी हा चढ न थांबता चढली की खंडाळाही चढेल, असा त्यांचा हिशेब. मग दर रविवारी वहिनींना खुर्चीत बसवून स्वारी निघायची आणि दर रविवारी अर्ध्या चढावरून परत यायची. कधी पाणी उकळायचं, कधी काही मोकळं व्हायचं. तिथल्या बंगल्यांतले नोकर फाटकाशी येऊन उभे राहत, गाडी आज कुठवर चढते ते बघायला.

एकदा रेडिएटरला बारीक भोक पडलं. कोण्या टॅक्सीवाल्याने दिनकररावांना सांगितलं होतं की आत मूठभर हळद टाकली की गळती बुजते. वहिनींच्या डब्यात हळद नव्हती. ते आमच्याकडे आले. आई देवळात गेली होती, मी पेपर तपासत होते. "फडताळात बघा," मी म्हटलं. आमच्या आईचे सगळे डबे एकसारखे, बिस्किटांचे. त्यांनी पिवळं दिसलं ते मूठभर घेतलं, रेडिएटरमध्ये घातलं आणि आम्ही तिघं निघालो. अर्ध्या चढावर टोपणातून वाफ यायला लागली आणि वाफेबरोबर वास. असा खमंग वास, की मला भूकच लागली. चौकातला हवालदार लगबगीने आला. कोकणातला असावा. त्याने नाक वर करून हुंगलं आणि विचारलं, "काय ओ, गाडयेत पिठला रांधतास काय?"

दिनकररावांनी टोपण उघडलं. पिवळंधम्मक, घट्ट, फदफदणारं पिठलं. हळद नव्हे, बेसन घातलं होतं त्यांनी. वहिनींनी खुर्चीतूनच वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मीठ राहिलं की हो त्यात." आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पदराने तोंड दाबून हसत राहिल्या. इस्पितळातून आल्यापासून वहिनींना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. दिनकररावांनीही पाहिलं नसावं, कारण ते पिठल्याकडे बघतच नव्हते, वहिनींकडे बघत होते.

पुढचा आठवडाभर ते तारेने रेडिएटरमधलं पिठलं काढत होते. गळती मात्र थांबली. आईने सगळ्या डब्यांवर नावं चिकटवली. आणि पावसाळा सरल्यावर एका रविवारी ती गाडी मलबार हिलचा चढ खरोखर न थांबता चढली. वर पोचल्यावर फाटकांशी उभ्या नोकरांनी टाळ्या वाजवल्या.

चळवळ तेव्हा ऐन भरात होती. दिनकरराव राजकारणातले नव्हते. पण मिरवणुकीसाठी कर्णा बांधायला गाडी हवी म्हणून मंडळी आली तेव्हा त्यांनी एकाच अटीवर होकार दिला. घोषणेत बेळगावचं नाव आधी घ्यायचं. मंडळी म्हणाली, मुंबईत राहून मुंबईच्या आधी बेळगाव? दिनकरराव म्हणाले, "मुंबई कुठे जात नाही हो. मी रोज बघतो तिला." अखेर गाडीपुरतं ते मान्य झालं. लालबागहून परळकडे मिरवणूक निघाली. पुढे गाडी, गाडीवर कर्णा, आत लिमये पतिपत्नी. कर्ण्याने थोड्याच वेळात बॅटरी पिऊन टाकली आणि गाडी बंद पडली. मग गिरणीतून सुटलेल्या कामगारांनी ती ढकलायला घेतली. दिनकरराव चाक धरून ताठ बसले होते, जणू गाडी अशीच चालवायची असते. चाळीतल्या बायका फिरती खुर्ची बघायला पुढे आल्या. वहिनींनी त्यांना ती फिरवून दाखवली. एकीने विचारलं, "वैनी, तुमचो गाव खयचो?"

"बेळगाव."

"मगे येतला. आमी ढकलतंव ना!"

पण ते आलं नाही. महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, गिरगावात घराघरांवर दिवे लागले, पेढे वाटले. बेळगाव आधीच पलीकडे गेलं होतं आणि आता ते पलीकडेच राहिलं. दिनकररावांनी पेढा खाल्ला, गाडीवर कंदीलही लावला. वहिनी गॅलरीत कुबडीवर रेलून खालची रोषणाई बघत होत्या. मला म्हणाल्या, "शालन, सगळं आलं की गं. माझं माहेर तेवढं राहिलं." दिनकरराव मागे उभे होते. ते म्हणाले, "ते येत नाही ना? मग आपण जाऊ. पावसाच्या आत जाऊ."

त्याच मे महिन्यात आम्ही निघालो. माझ्या शाळेला सुट्टी होती आणि वहिनींना सोबत हवी होती. मागे सामानातून उरलेल्या अर्ध्या सीटवर मी, माझ्या मांडीवर पाण्याचा डबा आणि पायाशी आईने दिलेला हळदीचा डबा, ठसठशीत नाव लिहिलेला. खंडाळा आम्ही इतक्या हळू चढलो की शेजारून चालणारा एक गुराखी बराच वेळ आमच्याशी गप्पा मारत होता. खंबाटकीत पंख्याचा पट्टा मोकळा झाला. दिनकरराव डोक्याला हात लावून बसले, तोवर मला फर्रकन आवाज ऐकू आला. वहिनींनी अंगावरच्या नऊवारीचा काठ फाडला होता. "घ्या, वळून बांधा," म्हणाल्या. "नवं लुगडं आईच देईल की." तो काठ आणि त्यानंतर बांधलेला दुसरा काठ, यांच्यावर आम्ही कोल्हापूर गाठलं. रात्री धर्मशाळेत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या शिपायाने कानडीत काही विचारलं तर वहिनी त्याच्याशी अशा घडाघडा बोलू लागल्या की दिनकरराव कौतुकाने माझ्याकडे वळून बघू लागले. शिपायाने खुर्ची फिरवून बघितली आणि सलाम करून सोडलं.

बेळगावात शिरायच्या आधी एका विहिरीशी ते थांबले. हात राखेने घासून धुतले, कोट घातला, टोपी नीट केली. मग आम्हाला तिथेच ठेवून बोळ बघायला पायी गेले. परत आले ते कपाळाला आठ्या घालून. घर उजव्या हाताला होतं आणि गाडीचं वहिनींच्या बाजूचं दार डावीकडे. पलीकडून बोळ बंद. वहिनींचा चेहरा पडला. दिनकरराव म्हणाले, "उलटे जाऊ." आणि त्या अख्ख्या बोळातून, मान मागे वळवून, दोन्ही भिंतींना हातभर अंतर राखत त्यांनी गाडी उलटी नेली. लोक दारांत येऊन उभे राहिले. गाडीचं दार उघडलं तेव्हा ते बरोबर ओट्यावर आलं. ते फिरून आले, कडी काढली, खुर्ची वळवली. ओटा आणि बैठक एका पातळीत होती. वहिनींनी ओट्यावरचा लाकडी खांब धरला आणि त्या उभ्या राहिल्या. कोणी हात लावला नाही. दिनकररावांनी लावायला पुढे केलेला हात मागे घेतला हे मला दिसलं.

आतून वहिनींच्या आई, माई, भिंत चाचपत आल्या. मोतीबिंदूने दृष्टी अधू झाली होती. "कोण, कमळी?" म्हणाल्या आणि लेकीच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. "उभी आहेस गं. धडधाकट आहेस." दोघी रडल्या, मीही रडले. माझा हात वहिनींच्या पाठीमागे नुसता तयार होता. त्या खांब धरून उभ्याच होत्या.

मग माईंनी बोळाकडे तोंड केलं. "जावईबापू आलेत का?"

"हो माई, आहे," दिनकरराव म्हणाले.

"इतकी वर्षं लेकीला पाठवलं नाहीत. दरवेळी निरोप, सासरचं माणूस सोडत नाही म्हणून. बाप वारला तेव्हासुद्धा सोडलं नाहीत. काय अपराध केला होता आम्ही?"

सगळा बोळ ऐकत होता. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. दुखणं लपवायचं तर न येण्याचं काहीतरी कारण हवंच होतं, आणि ते कारण इतकी वर्षं कोण झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. वाडीत रोज शेजारी राहून, त्यांची इतकी थट्टा करून, मला याचा पत्ताही नव्हता. वहिनी म्हणाल्या, "आई, अगं, ह्यांचं काही..." पण दिनकररावांनी हाताने खूण केली. आज नको. आज माईंना लेक नुसती उभी दिसू दे.

"चुकलंच माझं, माई," ते म्हणाले. "आता दर वर्षी आणीन."

"तोंडानं म्हणायला काय जातंय," माई म्हणाल्या आणि लेकीला आत घेऊन गेल्या. जाता जाता शेजारणीला सांगितलं, "त्यांना पाणी द्या."

पुढे माझं लग्न झालं, गिरगाव सुटलं. माईंना सगळं कळलं ते आम्ही पोचल्यावर दोन दिवसांनी, मी समोर नसताना, आणि त्यांनी जावयाचे दोन्ही हात धरले, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं. आता ती गाडीही नाही आणि दिनकररावही नाहीत. पण मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचे, बोळातले. शेजारीण तांब्या ठेवून त्यांच्याकडे न बघताच निघून गेली. आत मायलेकींचं बोलणं सुरू झालं होतं, मध्येच वहिनी मोठ्याने हसल्या. दिनकररावांनी तांब्या उचलला, एकही घोट न घेता सगळं पाणी तापलेल्या रेडिएटरमध्ये ओतलं, आणि रिकामा तांब्या हातात धरून, आतल्या हसण्याकडे कान देऊन ते उभे राहिले.